तुम्ही विचारलेत म्हणून : खिडकीतल्या कुंड्यांवर घर चालते का?

हळदीकुंकवाला आलेल्या मैत्रिणी असोत किंवा इमारतीत नव्याने राहायला आलेले जोडपे असो, स्वयंपाकघराच्या खिडकीतील कुंड्या पाहिल्यावर मला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : "काकू, एवढ्याशा जागेत भाजी लावून खरेच घर चालते का? आणि चालत नसेल, तर कोपऱ्यावर सगळे मिळत असताना हा खटाटोप कशासाठी?"

घर चालत नाही, हे आधीच सांगते. चार माणसांना एका वेळी पुरेल एवढा लाल माठ काढायचा म्हटला तरी खिडकीची सगळी जागा त्यातच जाईल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजीवाल्याकडेच जावे लागेल. तरीही माझ्या स्वयंपाकाची चव या कुंड्यांनी बदलली आहे, कारण मी त्यांत बाजाराला जमत नाही तेवढेच लावते. दुधी, लाल भोपळा, कांदा, सुरण या भाज्या ट्रकमधून, टेम्पोतून, टोपल्यांतून फिरून आल्या तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. पानाचे तसे नाही. खुडल्यानंतरही पान श्वास घेत राहते आणि त्यातले पाणी उडत राहते. त्यातून मुंबईची उष्ण, दमट हवा म्हणजे वास आणि कोवळेपणा दोन्ही काही तासांत उतरतात. म्हणून प्रवासात टिकते ते विकत घ्यावे आणि टिकत नाही ते घरी लावावे, असे मी प्रत्येकाला सांगते. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओव्याची पाने, लसणाची पात, मायाळू आणि समुद्रमेथी एवढ्यावर माझी खिडक्यांची जागा संपते.

यांतली समुद्रमेथी मला सर्वांत प्रिय आहे, आणि मुंबईच्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागू नये असे वाटते. समुद्रकाठच्या रेताड जमिनीत दाट पेरलेली, बोटभर उंच झाली की मुळांसकट उपटलेली आणि इवल्याइवल्या जुड्या बांधून विकायला येणारी ही मेथी म्हणजे आपल्या नेहमीच्या मेथीचीच कोवळी रोपे असतात. बाजारातली आणली की तिची वाळू निघेपर्यंत पाच-सहा पाणी धुवावे लागते. घरी लावली तर ते कष्टही बरेच कमी होतात. मसाल्याच्या डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवावेत, पसरट कुंडीत किंवा तळाला भोके पाडलेल्या एखाद्या पसरट डब्यात माती आणि थोडी वाळू भरावी, दाणे जवळजवळ एकमेकांना टेकतील इतके दाट पसरावेत आणि वरून मातीचा पातळ थर द्यावा. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि दहा-बारा दिवसांत भाजी तयार होते. मुळे कापून टाकावीत. तेलात भरपूर ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परतावी, कांदा मऊ होऊ द्यावा, मग मेथी घालावी, आणि ती बसल्यावरच मीठ घालावे, कारण ढीगभर दिसणारी ही भाजी कढईत मूठभर होते. झाकण ठेवू नये. तीन-चार मिनिटे पुरतात. आमच्याकडे वाराप्रमाणे त्यात कधी बेसन पेरतात, तर कधी धुऊन निथळलेला सुका जवळा घालतात. जवळ्याबरोबर तिचा कडवटपणा फार सुंदर लागतो.

कोणत्या खिडकीत काय येईल, हे उन्हावर ठरते. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन आतपर्यंत येते. मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला जातो, आणि तीच खिडकी उन्हाला पारखी होते. डिसेंबरात छान आलेली कोथिंबीर मे महिन्यात का रुसली, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. शिवाय कोथिंबिरीला उकाडाच सोसत नाही. ती चटकन फुलावर येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तिचा काळ. तेव्हा अख्खे धणे हलकेच रगडून दोन फाकळ्या कराव्यात आणि पेरावेत.

पावसाळ्यात मात्र खिडकीने मागे सरकावे आणि बाजाराने पुढे यावे, असे माझे मत आहे. शहापूर, कसारा, कर्जतकडून लोकलने येणाऱ्या आदिवासी बायका मध्य रेल्वेच्या स्थानकांबाहेर ज्या रानभाज्या घेऊन बसतात, त्यांची सर कोणत्याही कुंडीला येणार नाही. पहिल्या सरींबरोबर शेवळे येतात, आणि त्यांच्याबरोबर काकडे ही छोटी आंबट रानफळेही घ्यावी लागतात, कारण काकडांचा आंबट रस नसेल तर शेवळांनी घसा खवखवतो. मग टाकळा, फोडशी, कुर्डू, कंटोली. कोणती कशी निवडायची हे त्या बायकांनाच विचारावे. फोडशीच्या पातीच्या मधला कडक दांडा काढायचा असतो हे मला एका मावशींनीच दाखवले. घरचा वाटा यात लहान असला तरी मोलाचा असतो : फोडशीला फोडणी देताना नुकती कापलेली लसणाची पात आणि उतरवताना ओले खोबरे.

अळू मात्र या दिवसांत घरीही उत्तम येते. त्याला ओल आवडते आणि अर्धी सावली चालते, म्हणून गॅलरीचा दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा नसलेला कोपरा त्याला द्यावा. वडीसाठी काळपट देठाचे, फदफद्यासाठी हिरव्या देठाचे. पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे ते खाजते, म्हणून चिंच, आंबट चुका किंवा आमसूल यांपैकी एक हवेच. रस्त्याकडेला, नाल्याकाठी आपोआप उगवलेले अळू कितीही तजेलदार दिसले तरी मी घेत नाही. ते कोणत्या पाण्यावर वाढले, याला महत्त्व आहे.

मातीबद्दल थोडक्यात. नुसती लाल माती घट्ट बसते आणि जड होते, आणि खिडकीच्या जाळीवर वजन टाकणे हे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी संबंधित असल्याने मी भरभक्कम कुंड्या बाहेर ठेवतच नाही. लाल मातीत निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि भाजीच्या देठा-सालींचे घरी कुजवलेले खत मिसळावे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 साली सुरू केलेली बाग स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच उभी राहिली. आपल्याकडे कचरा तेवढा नसतो, पण चार कुंड्यांना पुरेसा असतो. कुंड्यांखालच्या ताटल्यांत मात्र पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अंड्यातून आठ-दहा दिवसांत उडण्याजोगा होतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी ताटल्या रिकाम्या करून घासाव्यात.

टोमॅटो आणि भेंडीचा आग्रह धरणाऱ्यांना मी परावृत्त करते. त्यांना रोज सहा तासांच्या आसपास थेट ऊन लागते, आणि दोन इमारतींच्या मधल्या खिडकीत ते मिळत नाही. ज्यांना आजच सुरुवात करायची आहे, त्यांनी घरातल्या लसणाच्या कोंब फुटू लागलेल्या पाकळ्या घ्याव्यात, टोक वर ठेवून मातीत जेमतेम बुडतील इतक्या दाबाव्यात आणि माती ओलसर राहील एवढेच पाणी द्यावे. वीतभर पात आली की बुडाशी दोन बोटे ठेवून कात्रीने कापावी, म्हणजे ती पुन्हा फुटते. आणि पिठले ताटात वाढल्यावर बारीक चिरून वरून घालावी.