शिब्बोलेथ आणि आमच्या बाई

स्मरणिकेसाठी चार ओळी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि दोन दिवस मी नुसता फोन हातात धरून बसलो. शाळेबद्दल लिहायचं म्हटलं की मला बाईंच्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही. कुठल्या बाई ते सांगायला नको, बायबलच्या तासाला दोन बायबलं काखेत मारून यायच्या त्या, एक मराठी आणि एक कन्नड. घरात कन्नड बोलायच्या, आम्हाला मराठीत शिकवायच्या आणि एखादं वचन अडलं की दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडून बघायच्या.

मी १९८२ ला आठवीत, खानापूर तालुक्यातल्या खेड्यातनं बेळगावला बोर्डिंगला आलेलो. सकाळच्या प्रार्थनेत वचन वाचायची माझी पाळी आली, मी उभा राहिलो आणि म्हटलं, "सास्ते, अध्याय सहावा". म्हणायचं होतं शास्ते, बायबलच्या जुन्या करारातलं एक पुस्तक. आमच्या गावात सगळे साळाच म्हणतात हो, शाळा कोण म्हणतंय. मागच्या रांगेतनं "सास्ते सास्ते" सुरू झालं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबलं नाही. कॅम्पातली, टिळकवाडीतली पोरं, त्यांची भाषा शुद्ध. त्या रात्री मी घरी पळून जायचं ठरवलं होतं, हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

बाई कुणाला रागवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तासाला आल्या आणि म्हणाल्या, शास्ते अध्याय बारावा काढा, आज सगळं हाच वाचणार. मी वाचायला लागलो. गिलादी आणि एफ्राईमी, दोघंही इस्राएलचेच, त्यांची आपसात लढाई झालेली. गिलादी लोकांनी यार्देन नदीचे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागा, अडवलेत, हरलेले एफ्राईमी पळून पलीकडं जायला बघतायत, येईल त्याला विचारतात, तू एफ्राईमी का? तो नाही म्हणाला की सांगतात, शिब्बोलेथ म्हण. त्यांना श म्हणता येत नाही, सिब्बोलेथ म्हणतात, आणि तिथंच उतारावर धरून मारतात. ४२ हजार माणसं. आता गंमत अशी की मला हे वाचताच येईना, दोन्ही शब्द माझ्या तोंडातनं सारखेच, सिब्बोलेथ आणि सिब्बोलेथ. पोरं परत हसली. बाईंनी हसू दिलं आणि मग म्हणाल्या, "चला, आता ह्याला धरा. नदी आपली मलप्रभा घेऊ. कोण धरतंय, आणि कोण मारतंय ते सांगा." वर्ग गप्प. पुढच्या बाकावरच्या एकाने मान खाली घातली, तो पुढं माझा जिवलग मित्र झाला आणि हे वाचून त्याला कळेल.

सुगीचे दिवस होते, बाईंच्या टेबलावर कुणीतरी आणलेली भाताची लोंबी पडली होती. ती उचलून त्यांनी माझ्या हातात दिली, म्हणाल्या, शिब्बोलेथचा अर्थ हाच, कणीस. वाळलेली, टोकाला कुसळ असलेली ती लोंबी मी तास संपेपर्यंत मुठीत धरून होतो, तळहातावर कुसळाचे वळ उठले होते.

पण तो तास तिथं संपला नाही, कारण वर्गातल्या एका मुलीनं मागचं पान उलटलं होतं. त्या गिलाद्यांचा सेनापती इफ्ताह, आणि अकराव्या अध्यायात त्यानं केलेला नवस. अम्मोनी लोकांवर जय मिळाला तर घराच्या दारातनं जे पहिलं मला भेटायला येईल त्याचा होम करीन म्हणाला, आणि आली कोण तर एकुलती एक मुलगी, डफ वाजवत नाचत. वर्गातली ती मुलगी उभी राहून म्हणाली, बाई, मुलाचा बळी द्यायला उचललेला अब्राहामाचा हात देवानं धरला, मग हिच्या वेळेला का नाही धरला? ह्या प्रश्नावर आमचे पुढचे चार तास गेले आणि पोर्शन मागं राहिला.

बाईंनी काही झाकलं नाही. काही लोक म्हणतात मुलीला मारलंच नाही, जन्मभर बिनलग्नाची ठेवली, एका जुन्या यहुदी भाष्यकारानं असाच अर्थ लावलाय. हा अर्थ घेतला तर आपल्याला बरं वाटतं, पण एकोणचाळिसावं वचन काय म्हणतंय बघा, नवस केला तसं त्यानं तिचं केलं. मग त्यांनी नियमशास्त्रातल्या लेवीय पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढला. नवसात माणूस दिलं असलं तर चांदी भरून सोडवायची सोय नियमशास्त्रातच आहे, पाच ते वीस वर्षांच्या मुलीसाठी दहा शेकेल वजनाची. दहा शेकेल रे, म्हणून बाई फळ्याकडं तोंड करून जरा वेळ उभ्या राहिल्या. यहुदी रब्बींची कथा पण सांगितली, इफ्ताह मोठा का याजक फिनहास मोठा, कोण कुणाच्या दारी जायचं ह्या मानापानात नवस मोडायचा राहिला आणि पोर गेली. आणि देवानं हा नवस मागितलाच नव्हता, देवाचा आत्मा त्याच्यावर आला ते आधीच्याच वचनात आहे, नवस नंतरचा. ही गिलादची गोष्ट म्हणून लांब ठेवू नका असंही म्हणाल्या, आपल्याच जिल्ह्यात घरच्यांच्या नवसापायी मुली देवाला सोडतात. देवदासी सोडण्याविरुद्धचा कर्नाटकचा कायदा त्याच साली, १९८२ चा. कुठल्या एका धर्माचं नाव घेऊन त्या बोलल्या नाहीत, सगळ्या बापांचं बोलल्या.

एवढं सगळं करून शेवटी इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय वाचला, तिथं विश्वासानं जगलेल्या माणसांच्या यादीत इफ्ताहाचं नाव आहे. हे मला अजून जमत नाही, म्हणाल्या. मास्तरनं वर्गात असं कबूल करायचं ते मी पहिल्यांदा ऐकलं. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, असलं कुणी बोलत नव्हतं.

आता मी कोल्हापुरात असतो, लॅबमध्ये नोकरी, थोरली मुलगी डॉक्टर झाली, देवाची कृपा. रविवारी संडे स्कूल घेतो. मागच्या वर्षी एका पोरानं १ शमुवेल पंधरावरून विचारलं, इस्राएलचे शत्रू अमालेकी, त्यांची तान्ही मुलंसुद्धा मारा असं देव कसं सांगेल? हे इफ्ताहापेक्षा अवघड, इथं देवानंच सांगितलं असं लिहिलंय. मी त्याला तिसावा अध्याय दाखवला, सगळे मेले म्हणतात ते अमालेकी तिथं परत हजर, त्यातले ४०० उंटावर बसून पळाले. इस्राएलच्या शेजारच्या मवाबचा राजा मेशा ह्याचा शिलालेख १८६८ साली सापडला, त्यातही त्यानं इस्राएल कायमचा नाहीसा झाला अशी बढाई कोरलीय, म्हणजे त्या काळची लढाईची भाषाच तशी. पण पोरगा म्हणाला, सर, बढाई असली तरी तान्ही मुलं कशाला? बरोबर आहे त्याचं. मग मी लूक नऊ उघडलं, यहुद्यांशी वैर असलेल्या शोमरोनी लोकांच्या गावानं येशूला उतरू दिलं नाही, शिष्य म्हणाले आकाशातनं अग्नी पाडू का, आणि त्यानं त्यांनाच धमकावलं. मी येशूच्या ह्या पानावर उभा राहून ते अमालेक्यांचं पान वाचतो, मला एवढंच येतं, आणि हे बाईंचंच आहे.

सीमाभागात राहिलेल्याला उताराचा अर्थ सांगायला लागत नाही. १९८६ ला आंदोलन पेटलं तेव्हा एका स्टँडवर मला अडवून कन्नडमध्ये बोल म्हणाले, मी बोललो आणि सुटलो. पण त्याच आठवड्यात आमच्यातल्याच पोरांनी एका कन्नड फेरीवाल्याला मराठी बोलायला लावलेलं मी बघितलं आणि गप्प राहिलो. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मत्तय सव्वीस काढून दिलं, येशूला धरून नेलेलं, शिष्य पेत्र अंगणात मी त्याला ओळखत नाही म्हणतोय, आणि लोक म्हणतात तू त्यातलाच, तुझ्या बोलीवरून कळतंय. गालीलचा होता ना तो.

बायबलचा तास आता आठवड्यातनं एकदा आणि तोही परीक्षेच्या दिवसात बंद असतो असं ऐकलं, मराठी वर्गात पोरंही कमी झालीत म्हणे, फार वाईट वाटलं.

शाळा सोडताना बाईंनी त्यांचं मराठी बायबल मला दिलं. त्यात शास्ते अकराच्या समासात, जिथं ती डफ घेऊन बाहेर येते तिथं, पेन्सिलनं दोनच शब्द आहेत, नाव काय? अख्ख्या अध्यायात त्या मुलीचं नाव कुठंच नाही. पेन्सिल पुसट झालीय पण उजेडात धरलं की दिसते. कार्यक्रमाला येताना घेऊन येतो.