गाळ काढायला हरिश्चंद्रगडावर

गडावरच्या पाण्याच्या टाक्यातला गाळ काढायला मे महिन्यातल्या शनिवारी पहाटे पायथ्याच्या पाचनईत उतरलो तेव्हा आम्ही अकरा जण होतो आणि नऊ लोखंडी घमेली. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा सगळा रस्ता ती टपावर खडखडत आली होती. ज्यांच्या पडवीत आम्ही चहा प्यायलो ते मामा घमेल्यांकडं बघत राहिले. "एवढं ओझं कशापायी? गावात काय घमेली नाहीत का?" आमच्याकडं उत्तर नव्हतं.

गड कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो (१९८६ पासून). त्यामुळं रविवारी उठलो आणि टाकं साफ करून आलो, असं इथं चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचं २९वं कलम अभयारण्यातलं पाणी विनापरवाना वळवायला, अडवायला मनाई करतं. आमचे अर्ज, हेलपाटे आणि फोन यात दोन महिने गेले. तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारीतच अर्ज टाका. लेण्या आणि मंदिराच्या जवळपास काम असेल तर पुरातत्त्व खात्यालाही विचारा. सोबत वनरक्षक असतील तर त्यांचं ऐका. आमच्यातल्या एकानं हौसेनं ब्लीचिंग पावडरची पिशवी आणली होती, ती त्यांनी नाक्यावरच ठेवून घेतली. "बेडकं मारायचीत का?" एवढंच म्हणाले.

पाचनईची वाट सोपी. पुढं झुकलेल्या प्रचंड कातळभिंतीखालून जाते, मग ओढ्याच्या संगतीनं वर. घमेली डोक्यावर उलटी घालून चढलो तरी अडीच तासांत मंदिर आलं. उन्हासाठी टोपी म्हणून घमेलं वाईट नाही, फक्त आत भट्टी होते.

मंदिराजवळची पिण्याची टाकी आम्ही हातही न लावता सोडली. वनरक्षकांनी बाजूचं, वापरातून गेलेलं एक टाकं दाखवलं. कातळात कोरलेल्या अशा टाक्यात पावसाचं पाणी साठतं आणि पुढच्या पावसापर्यंत तेच राहतं. ओढ्यात पडलेली घाण निदान वाहून तरी जाते, टाक्यातली तिथंच मुरते. मे महिन्यात पाणी तळाला जातं म्हणून काम सोपं, पण तेच पाणी वानरांचं आणि पाखरांचं असतं. म्हणून सगळं उपसायचं नाही. आम्ही एका अंगाचा गाळ काढला, दुसऱ्या अंगाला पाणी राहू दिलं.

वरचा थर कुजलेल्या पानांचा, काळा, उग्र वासाचा. त्याखाली उदबत्तीच्या काड्या, नाणी, गुटख्याच्या पुड्या. आणि शाम्पूची एक निळी पुडी, चिखल पुसला तर रंग कालचा वाटावा अशी. किती पावसाळे खाली होती कोण जाणे. गाळ टाकायचा तो उताराच्या खालच्या बाजूला, लांब. आम्ही पहिली वीस घमेली टाक्याच्याच वरच्या अंगाला ओतली, आणि मग मामांच्या मुलानं विचारलं, "दादा, पावसात हा कुठं जाईल?" ती वीस घमेली परत भरली.

खरं सांगायचं तर गाळ काढणं हा सोपा भाग. अवघड भाग संध्याकाळी दिसला. कोकणकड्यावर तंबू लागले आणि जो तो पाण्याची बाटली घेऊन झुडपामागं. पाण्यापासून साठ मीटर लांब जा, वीतभर खड्डा खणा, हा नियम पुस्तकात छान आहे. इथं वीतभर मातीच नाही. चार बोटांवर खुरपं कातळाला वाजतं. वळवाच्या पहिल्या सरीत ते सगळं ओढ्यात उतरणार. गडावर उगम पावणारी मंगळगंगा पाचनईकडं उतरते, पुढं मुळेला मिळते. आणि मुळा धरणाचं पाणी अहिल्यानगरच्या नळांना जातं (तोंडात अजून नगरच येतं).

पाणी तपासायला आम्ही हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या दोन कुप्या नेल्या होत्या. पाणी भरून ऊबेत ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं की त्यात मैल्याचे जंतू असण्याची शक्यता मोठी. गडावर रात्री वारा गार, म्हणून मी दोन्ही कुप्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपलो, आणि सकाळी सगळ्यांची करमणूक झाली. तंबूंखालच्या डबक्याची कुपी घरी पोचेपर्यंत काळी. दुसरीचं झाकण नीट लागलं नव्हतं, तिचं पाणी माझ्या सॅकनं प्यायलं. एका कुपीवरून निवाडा करू नये हे कबूल, पण त्या डबक्यात आदल्या सकाळी मी तोंड धुतलं होतं.

तेव्हा तुमच्यासाठी एवढंच: पोट गावातच मोकळं करून चढा, घरमालक पाच-दहा रुपयांसाठी अडवत नाहीत. वर वेळ आलीच तर पिशवीत बांधून खाली आणा. किळस वाटते, पहिल्यांदाच. भांडी साबणाशिवाय, राखेनं किंवा मातीनं घासा, आणि तीही पाण्यात नव्हे, बाजूला पाणी नेऊन. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात प्रदक्षिणा घालायची असेल तर अंगाला तेल-क्रीम फासून उतरू नका. तंबूला परवानगी आहे का ते नाक्यावर विचारा, नियम बदलत असतात. पिण्याचं पाणी गाळून, उकळून घ्या, कितीही थंडगार आणि नितळ दिसलं तरी.

तारीख ठरवण्याआधी गावातल्या वनसमितीशी बोला. आम्ही ते उशिरा केलं. लिंबू सरबत विकणाऱ्या मावशींना कुठल्या टाक्यात कधी पाणी आटतं ते तोंडपाठ होतं, आणि आम्ही दोन महिने नकाशे काढत बसलो होतो.

उतरताना घमेली मामांच्या पडवीतच ठेवली. पुढच्या मे महिन्यासाठी त्यांनी यादी दिली: "घमेली नका आणू. दोर आणा, जाड. आणि माणसं शनिवारी नको, मंगळवारी आणा, शनिवारी आम्हाला तुमच्यासारख्यांचाच स्वयंपाक असतो."