कॉफी मशीन, पिनकोड आणि ओटीपी : माझा अनुभव

कॉफी मशीन घेणार असाल तर खोक्यावर किती बार (पंपाचा दाब) लिहिलेत ते नंतर बघा, आधी कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात खरोखर आहे का ते बघा. वेबसाइटवर पिनकोड टाकल्यावर हिरवी खूण येते, तिच्यावर जाऊ नका. फोन करा, माणूस कुठे बसतो ते विचारा, दुकानाचा पत्ता मागा. आमच्या साताऱ्याच्या पिनकोडलाही हिरवी खूण होतीच. माणूस मात्र कराडला होता, दुकान पुण्याला आणि फोन उचलणारी मुलगी कुठल्या शहरात बसली होती देव जाणे.

निवडीचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात एवढं काही अवघड नाही. दुधातली कडक कॉफी आवडत असेल आणि डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरेपर्यंत दम धरता येत असेल, तर दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टर पुरेसा आहे. सासूबाई तेच म्हणत होत्या. "अगं, दोन-तीनशेच्या फिल्टरात होतंय की सगळं. त्याला ना वायर, ना बटण." त्यांचं हे वाक्य पुढे मला बऱ्याचदा ऐकावं लागलं. मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं, ही 1933 सालची इटालियन युक्ती, तीही मस्त. पण नेहमीचा अल्युमिनियमचा घेतलात तर इंडक्शनवर गरम होत नाही आणि आपल्या गॅसच्या शेगडीवर त्याचं छोटं बूड नीट बसत नाही, वर जाळी ठेवावी लागते. फ्रेंच प्रेसला (दांड्याच्या जाळीने पूड खाली दाबायचं भांडं) जाड दळलेली पूड आणि चार मिनिटं लागतात, बाकी काही नाही. काळी कॉफी पिणाऱ्यांना ठिबक मशीन चालेल. तीच कॉफी दुधात घातली तर मला तरी पाणचट लागते.

आमच्या घरी ह्यांना आणि लेकीला कॅफेसारखी फेसाची कॉफी हवी होती. म्हणजे पंप असलेलं एस्प्रेसो मशीन आलं. इथे एक लक्षात ठेवा. खोक्यावर 15 बार, 20 बार असं ठसठशीत छापलेलं असतं. एस्प्रेसो उतरते ती साधारण 9 बारच्या दाबावर. 15 किंवा 20 ही पंपाची जास्तीत जास्त ताकद झाली. आकडा मोठा म्हणून कॉफी चांगली होत नाही. शिवाय पंप नसलेली, नुसत्या वाफेवर चालणारी स्वस्त मशीन्सही 'एस्प्रेसो मेकर' म्हणूनच विकतात. तेवढं बारकाईने वाचा.

आम्ही ऑनलाइन घेतलं, दहा हजारांच्या आतबाहेर. दोन वर्षांची वॉरंटी. मशीन आलं, लागलं, कॉफी होऊ लागली, आल्यागेल्याला पाजून झाली. तिथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

पहिलं वर्ष सरायच्या आतच एका सकाळी बटण दाबलं तर पंप घरघरला आणि पाणी काही येईना. टाकी भरलेली. हँडल काढून पाहिलं, वाफेची नळी उघडून पाहिली, कुठूनच थेंब नाही. आवाज मात्र सगळ्या घराला जागं करील एवढा.

कस्टमर केअरला फोन लावला. "मॅम, मी तुमची अडचण समजू शकते," असं फार गोड आवाजात ऐकलं आणि मग टाकी काढून परत लावा, प्लग काढून परत लावा, असा व्यायाम झाला. त्यानंतर बिल पाठवा. पाठवलं. तर म्हणे बिलावर सिरियल नंबर नाही. ऑनलाइन विक्रेत्याच्या बिलावर ऑर्डर नंबर होता, जीएसटी होता, माझा पत्ता दोनदा होता. सिरियल नंबर नव्हता, आणि बहुतेक बिलांवर तो नसतोच. तो असतो मशीनच्या बुडाला चिकटवलेल्या चंदेरी पट्टीवर. मग मशीन आडवं केलं, ठिबकणीच्या ताटलीत साचलेलं कळकट पाणी ओट्यावर ओघळलं, लेकीने मोबाइलची बॅटरी धरली आणि मी फोटो काढला. अक्षरं इतकी बारीक की तो आठ आहे की इंग्रजी बी, यावर घरात दोन मतं पडली. मशीन घरात आल्या दिवशी, अजून कोरडं असताना, या पट्टीचा फोटो काढून ठेवा.

तक्रार एकदाची नोंदली गेली. मेसेज आला, त्यात एक ओटीपी, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं की काम समाधानकारक झाल्यावरच हा कोड द्यावा. मग टेक्निशियनचा फोन.

"मॅडम, ओटीपी सांगा."

"तुम्ही या, काम करा, लगेच देते."

"तसं नसतं हो. ओटीपी टाकल्याशिवाय सिस्टीमला व्हिजिटच पडत नाही."

मी त्याला मेसेज वाचून दाखवला. त्याने फोन ठेवला. संध्याकाळी दुसरा मेसेज हजर: 'ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.' सासूबाई दिवसभर दारात गहू निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही."

हा ओटीपी म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण फ्रिज, वॉशिंग मशीन, बऱ्याच ठिकाणी आता हीच पद्धत आहे. तो कोड म्हणजे तुमची सही. 'काम झालं, मी खुश आहे' याची सही. फोनवर दिलात की तक्रार मिटली, मग मशीन भले बंद का असेना. टेक्निशियनवर दिवसाला अमुक तक्रारी मिटवायचा दबाव असेल, मला त्याची कीव येते. पण ओटीपी देण्याइतकी नाही.

तक्रार परत उघडली, परत बंद झाली. दर वेळी नवा क्रमांक, नवी मुलगी, आणि माझी कहाणी पहिल्यापासून. टाकी काढून परत लावा, हेही पहिल्यापासून. मी एक वही घातली. तारीख, वेळ, तक्रार क्रमांक, कोण काय बोललं. मनात म्हटलं, आता मशीन नाही मिळालं तरी चालेल, पण हे लिहून ठेवणार. आणि ह्यांचं पालुपद वेगळंच, "जाऊ दे ना, नवीन घेऊ." जाऊ दे कसं? वॉरंटीचे पैसे मशीनच्या किमतीतच दिलेत की.

शेवटी तो टेक्निशियन उगवला. कराडहून आला म्हणून चहा दिला. त्याने मशीन उघडलंही नाही. बटण दाबलं, कान लावला आणि निकाल दिला, "क्षार धरलेत. बोअरचं पाणी असणार. हे वॉरंटीत बसत नाही." दुरुस्तीचा अंदाज जवळपास मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाचा.

आता आमच्या पेठेत कासच्या तलावाचं पाणी येतं. सातारकराच्या घरात बसून, त्याच्या पाण्याला बोअरचं म्हणायचं! सासूबाई आतून बाहेर आल्या, एवढंच सांगते. आमच्या पाण्याच्या फिल्टरवाल्याला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि नळाचं पाणी त्याच्या टीडीएस मीटरवर (पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवणारं यंत्र) मोजायला लावलं, त्याचा व्हिडिओ काढला. आकडा शंभरच्याही खाली. टीडीएस म्हणजे काही थेट पाण्याचा जडपणा नव्हे, त्यात इतरही विरघळलेलं असतं. पण एकूणच इतकं कमी असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त येणार कुठून? आणि क्षार धरू नयेत म्हणून मी सायट्रिक ॲसिडने मशीन वेळच्या वेळी धूत होते, त्याच्या तारखा कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेल्या. त्यांचेही फोटो काढले. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मात्र हा मुद्दा तुमच्या विरोधात जाईल, तेव्हा गाळलेलं मऊ पाणीच टाकीत घाला. व्हिनेगर वापरू नका असं काही कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत असतं, ते बघून घ्या.

विक्रेत्यालाही लिहिलं. तो म्हणाला परत करायची मुदत संपली, कंपनीशी बोला. तरी लिहाच. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांत आहे की अशा साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. मला पोच तरी मिळाली. ती पुढे कागदपत्रांत जोडायला उपयोगी पडली.

मग केलं 1915. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, फोन करायचा नसेल तर ॲप आणि पोर्टलवरूनही तक्रार टाकता येते. पैसे पडत नाहीत. मी वहीतल्या सगळ्या नोंदी चार ओळींत बसवल्या, कारण लांब पत्र कुणी वाचत नाही: कधी घेतलं, काय बिघडलं, तक्रार किती वेळा न येताच बंद केली, आता मला काय हवंय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. 'न्याय मिळावा' असं लिहू नका, 'वॉरंटीत मोफत दुरुस्ती किंवा बदली मशीन' असं लिहा. सोबत बिल, पट्टीचा फोटो, मीटरचा व्हिडिओ, त्या बंद केल्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट.

आठवड्याच्या आत कंपनीतून फोन. या वेळी गोड मुलगी नव्हती, कुणी साहेब होते, आणि ते मला टाकी काढायला सांगत नव्हते. "मॅडम, कुरिअर पाठवतो, मशीन पुण्याला मागवून घेतो." हेल्पलाइन काही कंपनीला शिक्षा करत नाही, ती फक्त तक्रार योग्य टेबलावर नेऊन ठेवते. पण आमचं सगळं अडलं होतं ते त्याच टेबलापाशी. इथेही झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग होता. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्या साहेबांना मी हे बोलता बोलता ऐकवलंही. गरज नव्हती, पण बरं वाटलं.

मशीन परत आलं. जॉबशीटवर लिहिलेलं: 'पंप सदोष, बदलला. शुल्क शून्य.' क्षार हा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता. तो कागद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. ओटीपी मात्र कॉफी कपात पडल्यावरच दिला.

आता वापराचं, जसं आठवेल तसं. दुकानात मिळणारी तयार फिल्टर कॉफीची पूड या मशीनमध्ये घालू नका. तिच्यात बहुधा चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, असते. आपल्याकडे 49 टक्क्यांपर्यंत चालते, आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. चिकोरी भिजली की चिकट होते, बास्केटची, म्हणजे पूड घालायच्या चाळणीची, भोकं बुजतात. शंभर टक्के कॉफीच घ्या. मी चिकमगळूरच्या बिया मागवते, थोड्या थोड्या, भाजल्याची तारीख बघून. दुधात प्यायची असेल तर नुसत्या अराबिकापेक्षा थोडी रोबस्टा (या कॉफीच्या दोन जाती) मिसळलेली मला बरी लागते, दुधाखाली दबत नाही आणि फेसही दाट येतो. रोबस्टात कॅफिन मात्र जवळजवळ दुप्पट, रात्री नको.

मिक्सरमध्ये बिया वाटू नका. काही पीठ होतं, काही कणी राहते आणि पाणी कणीतून पळून जातं. हाताने फिरवायचा, जात्यासारखा दोन पाळ्यांमध्ये दळणारा ग्राइंडर घ्या. मशीनसोबत दुहेरी तळाची बास्केट आलेली असते, तिच्यात पूड थोडी इकडेतिकडे झाली तरी निभावतं. एकेरी तळाची बास्केट हात बसल्यावर. आमच्या दोन कपांच्या बास्केटात 15-16 ग्रॅम पूड बसते, तिच्यातून 30-32 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत उतरली की समजायचं जमलं. भस्सकन आली तर पूड बारीक करा, थेंब थेंब आली तर जाड. सोन्याचांदीसारखा तोलायचा छोटा काटा घेतलात तर हे सगळं सोपं होतं. ह्यांनी आधी त्यावर हसून घेतलं, आता तेच वापरतात.

दूध फ्रिजमधलं गार घ्या. भांड्याला तळवा टेकवता येईना इतकं तापलं की वाफ बंद. वाफेची नळी तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसायची आणि क्षणभर वाफ सोडून द्यायची, नाहीतर आत दूध वाळतं.

आणि हो, खोकं. थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा, वॉरंटी संपेपर्यंत. कुरिअरवाला मूळ खोक्याशिवाय मशीन उचलत नव्हता. आमचं खोकं सासूबाईंनी दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याला द्यायला काढलं होतं, लेकीने त्यात जुन्या वह्या भरल्या म्हणून वाचलं.