पाणी जास्त नव्हतं, एकदम येत होतं

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत २४० फ्लॅट आहेत आणि तळघरात १५० केएलडीचा एसटीपी, म्हणजे दिवसाला दीड लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. मी सेक्रेटरी झाले तेव्हा त्याच्या चाव्यांबरोबर संमतीपत्राची जबाबदारीही माझ्याकडे आली. १९७४ च्या जल कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ हे संमतीपत्र देतं. शुद्ध पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यात उरलेली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवा, ही आमच्या पत्रातली मुख्य अट.

मंडळाने सकाळी साडेनऊला नमुना नेला. अहवालात बीओडी ३४. पाठोपाठ नोटीस आली.

हेच शुद्ध केलेलं पाणी फ्लशला जातं, आणि त्याला वास येतो अशी तक्रार आधीपासून होतीच. एका सल्लागाराने दहा मिनिटं फेरी मारली आणि क्षमता अपुरी आहे, नवीन टाकी बांधा, १८ लाख लागतील असं सांगितलं. कमिटीतले बरेच जण तयारही झाले. मला मात्र आकडा पटेना. माणशी १३५ लिटर, घरटी पाच माणसं धरून २४० घरांचं रोजचं पाणी १६२ हजार लिटर होतं. त्यातलं ८५ टक्के गटारात येतं असं धरलं तरी १३८ हजार. मीटरवर तर रोज १२८ हजारच येत होतं. मग कमी पडतंय कुठे?

उत्तर दिलं प्लांटवरच्या दादांनी. तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. ते म्हणाले, "मॅडम, पाणी जास्त नाही येत, एकदम येतं. सातला पोरांची शाळा, लोकांची ऑफिसं. दहापर्यंत नुसता लोंढा."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी खाली जाऊन बसले. सात ते दहामध्ये तासाला १५ हजार लिटर येत होतं आणि प्लांटची चाल तासाला साडेसात हजारांची. जास्तीचं पाणी साठवायला इक्वलायझेशन टाकी असते. आमची ४० हजार लिटरची होती, पण तळाशी गाळ साचलेला आणि पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा फ्लोट स्विच वर बांधलेला, त्यामुळे सात वाजताच ती निम्म्याहून जास्त भरलेली असे. टाकी उतू जाऊ नये म्हणून दादा दोन्ही पंप लावत. दुप्पट वेगाने पाणी पुढे गेलं की सेटलिंग टाकीत गाळ बसायला वेळच मिळत नाही, तो पाण्याबरोबर बाहेर पडतो. त्यात सँड फिल्टरचं बॅकवॉशही, म्हणजे उलटं पाणी सोडून धुणं, सकाळीच व्हायचं आणि ते पाणी परत त्याच टाकीत. साडेनऊच्या नमुन्यात दुसरं काय मिळणार होतं?

एक चूक थेट कमिटीची होती. वीजबिल वाचवायला रात्री १२ ते ५ टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवायचा ठराव आम्हीच केला होता. सांडपाणी खाणाऱ्या जिवाणूंना पाच तास हवा नाही, मग ते सकाळच्या लोंढ्याला तोंड कसे देणार? तो ठराव आधी रद्द केला.

गाळ काढणं सगळ्यात अवघड गेलं. ठेकेदार म्हणाला, "दोन माणसं उतरवतो, संध्याकाळपर्यंत टाकी साफ." मी सरळ नाही म्हटलं. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो, माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेलाही पडतो. माणसं उतरवून अशी धोकादायक सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी मी उतरू दिलं नसतं. सक्शन गाडी मिळायला नऊ दिवस गेले, खर्चही वाढला, वार्षिक सभेत त्यावरून बोलणीही ऐकली. तो खर्च मी आजही मान्य करीन.

बाकीची कामं पटापट झाली. फ्लोट खाली घेतला, म्हणजे पहाटे पाचला टाकी जवळजवळ रिकामी. दुसऱ्या पंपाला हात लावायचा नाही, बॅकवॉश दुपारी तीनला. आणि रोज एरेशन टाकीतलं, म्हणजे जिवाणूंना हवा देतात त्या टाकीतलं, पाणी लिटरभराच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास ठेवायचं, खाली किती गाळ बसतो ते बघायचं. सुरुवातीला ६५० मिली बसायचा. दादांनी रोज थोडा थोडा जास्तीचा गाळ फिल्टर प्रेसला, म्हणजे गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राला, काढत तीन आठवड्यांत तो ३०० वर आणला.

मग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बोलावला, मुद्दाम साडेनऊलाच. नमुना बर्फात गेला. बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. ते तीन दिवस मला नीट झोप लागली नाही. अहवाल आला, बीओडी ८. तो जोडून नोटिशीला उत्तर दिलं. मंडळाने पुन्हा नमुना नेला, तोही अटीत बसला.

गणपतीत घराघरात पाहुणे येतात, तळणीचं तेल सिंकमध्ये ओतलं जातं. म्हणून यंदा आठ दिवस आधीच दादांबरोबर सांडपाण्यातलं तेल अडवणारे सगळे ग्रीस ट्रॅप उघडून बघितले. बी विंगचा तुंबलेला निघाला.