पाऊच की बाटली?

बर्लिनमध्ये चार वर्षं काढली की दुकानात उचललेली वस्तू आधी उलटी करून बघायची खोड लागते. तिथे पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तूंवर ‘ब्लू एंजल’ नावाचं निळं चिन्ह असतं, १९७८ पासूनचं. वहीच्या कागदापासून भिंतीच्या रंगापर्यंत ते दिसलं की मी निर्धास्त. पाण्याची रिकामी बाटली मशीनमध्ये ढकलली की २५ सेंट परत.

हीच ऐट घेऊन यंदा दादरला आले. भांडी घासायचं लिक्विड संपलं होतं म्हणून आईबरोबर वाण्याकडे गेले आणि रुबाबात रिफिल पाऊच उचलला. बाटलीपेक्षा प्लास्टिक किती कमी! आईने तो माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवला.

“हे नको. भंगारवाला घेत नाही.”

“म्हणजे?”

“अगं, बाटली घेतो, डबे घेतो. हे चकचकीत काही दिसलं की तोंड फिरवतो. मग जातं थेट कांजूरच्या डम्पिंगवर.”

खरंच होतं. अशा पाऊचमध्ये बहुतेकदा वेगवेगळ्या प्लास्टिकचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे होत नाहीत, म्हणून त्याला भाव नाही. बर्लिनमध्ये मी सगळं पिवळ्या डब्यात टाकते आणि झाकण लावते. पुढे त्याचं काय होतं, हे मी कधी कोणाला विचारलंय? आईचा भंगारवाला दर महिन्याला दारात उभा असतो, तराजू घेऊन.

(आई काही संत नाही. २०१८ ची प्लास्टिकबंदी येऊन गेली, तरी गादीखाली पिशव्यांची चळत आहेच.)

आपल्याकडेही एक चिन्ह आहे, ‘इकोमार्क’. १९९१ चं, मातीच्या मडक्याचं. दुकानातले साबण उलटेपालटे करून पाहिले, एकावरही सापडलं नाही. वाण्याला विचारलं, तर म्हणाला, “मडकं पाहिजे तर धारावीला कुंभारवाड्यात जा, ताई.”

घरी येऊन मी बॅगेतून आईसाठी आणलेला बांबूचा टूथब्रश काढला. तिने तो उजेडात धरून निरखला.

“याचे केस कशाचे?”

“नायलॉनचे.”

“आणि बनवला कुठे?”

खोक्यावर बारीक अक्षरांत चीन लिहिलं होतं. म्हणजे चीनहून बर्लिन, बर्लिनहून दादर. मी गप्प.

सध्या तो मिक्सरच्या भांड्याखालची खाच घासायला आहे. छान निघते म्हणे.