तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो बघून दुखणं कळतं का?

मी गुडघ्यांच्या एमआरआयवर काम करते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तुमच्या कंप्युटरला फोटो बघून कळतं का, किती दुखत असेल ते?" पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे येतो. खिडकीच्या काचेला धरून काढलेला, हाडांच्या मागे समोरच्या इमारतीचं ग्रिल. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे, हे सांगून काही उपयोग होत नाही.

परवा वरच्या मजल्यावरच्या काकूंचा आला. मी विचारलं, "काकू, हा उभं राहून काढलाय की झोपून?"

"झोपूनच गं. तो मुलगा म्हणाला झोपा, झोपले."

एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दिसतच नाही. दिसतात ती हाडं आणि त्यांच्यामधली फट. फटीवरून कूर्चा किती उरली असेल याचा अंदाज बांधायचा. आपण 'गॅप कमी झालाय' म्हणतो तो हाच गॅप. झोपलं की गुडघ्यावर भार नसतो, मग फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. ही फट आणि हाडाच्या कडेला वाढलेले काटे बघून ० (झीज नाही) ते ४ (सगळ्यात जास्त झीज) ग्रेड द्यायची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. आजही गुडघ्याच्या रिपोर्टात 'ग्रेड ३' लिहिलेलं असतं ते बहुतेक त्याच मापाने.

एमआरआयत मात्र कूर्चा दिसते, आणि ती कुठून कुठपर्यंत आहे हे संगणकाला शिकवणं हे माझं काम. त्यासाठी आधी माणसाने हाताने आखावं लागतं. अमेरिकेतल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह या सांध्यांच्या झिजेवरच्या मोठ्या अभ्यासाने ४,७९६ जणांचे गुडघे वर्षानुवर्षं तपासले आणि ती चित्रं जगभरच्या संशोधकांना खुली केली. आमच्यासारख्यांचं पोट त्यावरच चालतं. त्यातल्या एका स्कॅनमध्ये गुडघ्याचे १६० काप, प्रत्येक ०.७ मिमी जाडीचा. मांडीच्या हाडावरची कूर्चा आणि नडगीच्या हाडावरची कूर्चा जिथे एकमेकींना टेकतात, तिथे मधली रेघ दिसतच नाही. एकमेकींना चिकटलेल्या दोन ओल्या कागदांसारखं. दोघांनी आखलं तर दोन रेघा येतात. मी सकाळी आणि संध्याकाळी आखलं तरी दोनच येतात.

गंमत पुढे आहे. चित्रातला एक ठिपका साधारण ०.३६ मिमीचा. कूर्चा दोन-तीन मिमी जाड, आणि वर्षाला सरासरी एक-दोन टक्के झिजली तर ती झीज ठिपक्याच्या पाचव्या भागाइतकीही भरत नाही. मग मोजतो कशी? पृष्ठभागावर हजारो ठिकाणी जाडी काढून सरासरी घ्यायची. इकडे थोडं जास्त, तिकडे थोडं कमी, चुका एकमेकींना खातात. पण सगळ्या चुका एकाच दिशेने झाल्या तर सरासरी बिचारी काय करणार? उजवे गुडघे आम्ही आरशात बघितल्यासारखे उलटवून सगळे डाव्यासारखे करून घेतो. एकदा माझ्याकडून एका बॅचचं उलटवणं राहून गेलं. गुडघा सहसा आतल्या बाजूने जास्त झिजतो. माझ्या आकड्यांत तो बाहेरून झिजत होता. काहीतरी नवं सापडलं म्हणून पंधरा दिवस मी हवेत होते.

आता तुमचा प्रश्न. कूर्चेत मज्जातंतू नसतात. म्हणजे मी दिवसभर जे मोजते, ते स्वतः दुखतच नाही. दुखतं आजूबाजूचं: कूर्चेखालचं हाड, सांध्याचं अस्तर. म्हणून ग्रेड ४ वाला जिना चढून जातो आणि ग्रेड १ वाली रात्रभर कण्हते.

तरीही फोटोत दुखण्याचा मागमूस नसतो असं नाही. एमा पिअर्सन ही संगणकशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली याच इनिशिएटिव्हचे एक्स-रे घेऊन संगणकाला ग्रेड न शिकवता, रुग्णांनी सांगितलेलं दुखणं शिकवलं. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांना सरासरी जास्त दुखतं. या तफावतीतली ग्रेडने उलगडत होती फक्त ९ टक्के; त्यांच्या प्रोग्रॅमने ४३ टक्के. फोटोत काहीतरी होतं, ग्रेड तिकडे बघतच नव्हती. हे वाचून मी जरा ओशाळले, कारण तोवर मीही संगणकाला ग्रेडच घोकायला लावत होते आणि डॉक्टरांशी उत्तर जुळलं की खूश होत होते. उरलेले ५७ टक्के त्यांनाही सापडले नाहीत, हेही आहेच.

काकूंनी आता उभं राहून एक्स-रे काढला. उजव्या गुडघ्याची फट चांगलीच कमी दिसतेय. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "पण दुखतो तो डावा!"

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"ते फोटोच बघत होते गं."