नकार देणारे शिक्षक

आज तासाला मुलांना नॉर्वेच्या शिक्षकांबद्दल सांगितलं. १९४२ साल, देश जर्मनांच्या ताब्यात. जर्मनांच्या बाजूच्या क्विसलिंग या नॉर्वेजियन पुढाऱ्याच्या सरकारचं फर्मान निघालं: प्रत्येक शिक्षकाने नव्या सरकारी संघटनेत यायचंच, मुलांना नाझी विचारात घडवायचं. हजारो शिक्षकांनी एकाच मजकुराची पत्रं लिहिली, खाली स्वतःचं नाव घालून. नकार! गुपचूप नव्हे, नावानिशी. मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

मग शाळा बंद, पगार रोखले, हजाराच्या आसपास शिक्षक अटकेत. कित्येकांना बोटीत कोंबून पार उत्तरेला, किर्केनेसला सक्तमजुरीला धाडलं. बाहेर राहिलेले घरोघरी शिकवत राहिले. सरकारला ती संघटना अखेर रेटता आली नाही.

एका मुलीने विचारलं, "सर, त्यांचं घर कसं चालायचं?"

लोकांनी पैसे गोळा करून त्या घरांपर्यंत पोचवले, बाळा.